अडल्याची दोरी

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नायलॉनची दोरी बांधलेली आहे. कपडे वाळत घालायची असते तीच. नवीन माणूस आला की हमखास विचारतो, बाई, इथे धुणं वाळत घालता की काय? मी म्हणते, हो, डोक्यातलं. मग तो आणखी काही विचारत नाही.

त्या दोरीचा नियम आधी सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं. पुस्तक वाचताना पोराला काही अडलं, मग शब्द अडो, वाक्य अडो, नाहीतर गोष्टीतला माणूस असा का वागला ते कळेनासं होवो, की चिठ्ठीवर लिहायचं आणि चिमट्याने दोरीला लावायचं. ती चिठ्ठी शाळेतलं कुणीही काढू शकतं. मात्र जो काढेल त्याने शनिवारी शाळा सुटल्यावर ते पुस्तक मध्ये ठेवून त्या पोराबरोबर बसायचं. उत्तर आलंच पाहिजे असं नाही, बसलंच पाहिजे असं आहे. पाहुणे आले, काम निघालं, असली कारणं मी ऐकून घेत नाही. आमचे मुख्याध्यापक गुरव सर एकदा चिठ्ठी काढून शनिवारी पुतणीच्या साखरपुड्याला निघाले होते, तर मी त्यांना फाटकातून माघारी आणलं होतं. अजून त्यांच्या घरी माझं नाव निघालं की वहिनी कपाळाला हात लावतात.

मी प्रणोती ढोबळे, ग्रंथपाल. गाव लिंबेवाडी, माणदेशातलं. इथे पाणी कमी, मेंढरं फार आणि डाळिंबं नशिबावर. गाव मला फटकळ म्हणतं आणि त्यात गावाची काही चूक नाही.

तर २०४३ सालच्या जूनमध्ये आमच्या शाळेत ‘सुगम’ आलं आणि ते आणलं माझ्याच पोटच्या पोरीने. ऋजुता पुण्यात सुगम बनवणाऱ्या गटात होती. सरकार ते प्रयोगासाठी काही शाळांना देणार असं ठरलं, तेव्हा तिने पहिलं नाव आईच्या शाळेचं घातलं. मला कोण अभिमान वाटला होता. पेढे वाटले होते मी, आणि तेही तालुक्याहून आणवून.

सुगम म्हणजे पाटीएवढं एक पान. दिसायला छापील कागदासारखं, पण त्यावर हवं ते पुस्तक उमटतं. एवढं तर जुनंच झालं. नवं होतं ते पानाच्या चौकटीत. ऋजुताने मला ते समजावलं तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. ती म्हणाली, आपण वाचतो तेव्हा डोळा ओळीवरून सरळ घसरत जात नाही, तो टणाटण उड्या मारतो. एक उडी, जरा थांबा, मग पुढची उडी. शब्द अवघड असला की थांबा लांबतो. फारच अवघड असला की डोळा मागे फिरतो. आणि डोक्यावर भार आला की डोळ्याची बाहुली रुंदावते, ते काही आपल्या हातात नसतं. चौकटीतले मोहरीएवढे कॅमेरे हे सगळं टिपतात आणि त्या मुलाला कुठे जड जातंय ते यंत्र ओळखतं. मग डोळा पुढच्या ओळीवर पोचायच्या आत ती ओळ यंत्राने त्या मुलाला झेपेल अशी करून ठेवलेली असते. ‘मार्ग दुर्गम होता’ असं असेल तिथे ‘वाट अवघड होती’. वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

मी विचारलं, कशासाठी गं हा खटाटोप? तर तिने दत्ताची आठवण काढली. दत्ता तिच्या बाकावरचा मुलगा. डोक्याने तल्लख, पण त्याला अक्षरं नाचताना दिसायची. आठवीत त्याने शाळा सोडली आणि पोकलेनवर क्लीनर म्हणून गेला. ऋजुता म्हणाली, आई, तुझ्या दोरीला त्याची एकही चिठ्ठी कधी लागली नाही, कारण चिठ्ठी लिहायलाही अक्षरं लागतात. मी मटार सोलत राहिले.

आणि खरं सांगते, सुगमने पहिल्या सहामाहीत कमाल केली. आठवीतली आश्लेषा लवटे ही मेंढपाळाची मुलगी, आमचा दुसरा दत्ताच. अक्षरं तिच्याही डोळ्यांपुढे फेर धरायची. वर्गात वाचायची वेळ आली की तिचं नेमकं पोट दुखायचं. सुगम हातात आलं आणि ही पोर गोष्टीच्या पुस्तकांवर तुटून पडली. जेवताना पान, शेळ्या राखताना पान. दर पुस्तकाला यंत्र एक सुगमांक देतं, म्हणजे वाचन किती सुरळीत झालं त्याचा आकडा. दिवाळीपर्यंत आश्लेषाचा सुगमांक शाळेत सगळ्यात वर होता. गुरव सरांनी तिचा फोटो दर्शनी भिंतीवर लावला.

दोरी मात्र रिकामी पडली. कुणाला काही अडेचना, तर चिठ्ठी कोण लावणार? मी रिकाम्या चिमट्यांकडे बघत बसायची आणि पोरांवर उगाच खेकसायची. मग एका सोमवारी बघते तर दोरी चिठ्ठ्यांनी भरलेली. मी हरखले. सगळ्यांना शेंगदाण्याची चिक्की वाटली. नंतर कळलं ते असं, की बाईंचं तोंड उतरलेलं पोरांना बघवेना, म्हणून त्यांनी सुगमलाच सांगितलं होतं, या पुस्तकातलं एखादं अवघड वाक्य बनवून दे, बाईंच्या दोरीला लावायचंय. म्हणजे माझी समजूत घालायला पोरं खोटं खोटं अडत होती. हसावं की रडावं कळेना. चिक्की परत मागता येत नाही, नाहीतर मागितली असती.

त्या खोट्या चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी खरी होती. अक्षर वेडंवाकडं, खाली आश्लेषाचं नाव. लिहिलं होतं, ‘काळ्या किती दिवसांनी परत आला ते गोष्टीत दिलेलं नाही. किती दिवस लागले असतील?’

ती गोष्ट मला तोंडपाठ आहे. आमच्याकडे एक जुना कथासंग्रह आहे, कव्हर केव्हाच गेलेलं, म्हणून पोरं त्याला ‘बिनकव्हरचं’ म्हणतात. त्यात मेंढरांच्या तळावरच्या काळ्या नावाच्या कुत्र्याची गोष्ट आहे. गारपीट होते, कळप उधळतो, पाय मोडलेलं एक कोकरू ओढ्यात राहतं आणि काळ्या त्याच्यापाशी थांबतो. सकाळी माणसं शोधत येतात तेव्हा कोकरू काळ्याच्या पोटाशी जिवंत असतं आणि काळ्या मेलेला असतो. परत बिरत कुठे येत नाही. मला वाटलं, पोरीने वाचलंच नाही, नुसतं पान सरकवलंय. मी तिला बोलावलं. ग्रंथालयात तेव्हा तिच्याच वर्गातले इरफान आणि सार्थक बसले होते. दोघांनीही ती गोष्ट वाचली होती, म्हणून त्यांनाही विचारलं.

आश्लेषा म्हणाली, काळ्या परत येतो, शेपूट हलवत येतो, मी वाचलंय. इरफान म्हणाला, अगं तो मरतो शेवटी. सार्थक दोघांकडे बघत राहिला आणि म्हणाला, कोण काळ्या? त्यात तर गाढव आहे.

मी तिघांची पानं मागवून शेजारी शेजारी मांडली. तिघेही खरं बोलत होते. इरफानच्या पानावर कुत्रा मेला होता. आश्लेषाच्या पानावर तो काही दिवसांनी परत आला होता. सार्थकला लहानपणी कुत्रा चावलेला, कुत्रा म्हटलं की त्याचा जीव गोळा होतो, यंत्राने ते आधीच्या पुस्तकांत टिपलेलं, म्हणून त्याच्या पानावर पहिल्या ओळीपासून गाढव होतं आणि ते गाढव कोकराची राखण करत भुंकत होतं. इतर वेळी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी मी तिन्ही पानं पुन्हा ओळीने वाचून काढली. एका वर्गात एक गोष्ट तिघांनी वाचली आणि तिघांच्या तीन गोष्टी झाल्या होत्या. मग शाळेत अख्ख्या सहामाहीत कुणी कुणाबरोबर नक्की काय वाचलं होतं?

मी कपाटातून बिनकव्हरचं काढलं आणि शेवटचं पान आश्लेषासमोर धरलं. ती अक्षरांकडे बघत राहिली. तिला ती नाचतानाच दिसत असणार. तिने विचारलं, “बाई, नक्की असंच लिहिलंय?” मी हो म्हटलं. “मग मला दुसरं का दिलं?” एवढं बोलून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिची आई ग्रंथालयाच्या दारात येऊन उभी राहिली. लक्ष्मीबाई कधी शाळेत यायच्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी कळप कोकणातून माघारी येताना त्यांचा राजा नावाचा कुत्रा घाटात मागे राहिला. दोन मुक्काम शोधला, सापडला नाही. वाघराने नेला असणार, सगळ्यांनी मनाशी धरलं होतं. आश्लेषाही रडून मोकळी झाली होती. पण सप्टेंबरात तिने ती गोष्ट वाचली आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी ती आपल्या ताटातली अर्धी भाकरी दाराबाहेर दगडावर ठेवते. राजा येईल म्हणते. पुस्तकातला आला ना? “बाई, कुत्रं गेल्याचं काही नाही वो,” लक्ष्मीबाई म्हणाल्या, “पण पोर रोज त्याची वाट बघती अन् रोज नव्यानं मरती. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही सांगा तिला.”

मी आश्लेषाला सांगून बघितलं. ती ऐकून घेत होती, पण मानत नव्हती. इरफान म्हणतो मेला, बाई म्हणतात मेला, पान म्हणतं आला. कुणाचं धरायचं? शेवटी तिने मला स्पष्टच सांगितलं, “मी स्वतः वाचेन, बाई. खरं पुस्तक. वाचलं की मग मानेन. तोपर्यंत भाकरी ठेवणार.”

माझा संताप म्हणजे काय विचारता. त्या रागातच मी ऋजुताला फोन लावला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण बोलायचं ते बोललेच. तुझ्या यंत्राने माझ्या पोरीला खोटं सांगितलं म्हणाले. ती आधी गडबडली, मग तिने आतली नोंद तपासली आणि सावकाश समजावून सांगितलं. यंत्राला फक्त बाहुली रुंदावलेली दिसते. का रुंदावली ते दिसत नाही. अवघड शब्दाने डोळ्यावर येतो तोच भार दुःखानेही येतो आणि भीतीनेही येतो. यंत्राला एकच काम दिलंय, भार कमी कर. शब्द जड गेला तिथे त्याने शब्द बदलला. मरण जड गेलं तिथे मरण बदललं.

मी म्हटलं, मग हे बंद करा. तर ती म्हणाली, आई, ते वाक्य तसंच ठेवलं असतं तर आश्लेषा रडली असती, पान मिटलं असतं आणि पुन्हा पुस्तकाला हात लावला नसता. रडवायचं का पोरांना?

“रडू दे की,” मी म्हणाले. “पुस्तकापाशी रडलेलं पोर शहाणं होतं. तुझ्या यंत्राने तिला रडू दिलं नाही, म्हणून ती अजून वाट बघतेय.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्याच आठवड्यात गुरव सरांनी बातमी आणली. फेब्रुवारीत शिक्षण विभागाच्या सबनीस मॅडम पाहणीला येणार. त्यांना प्रयोग पसंत पडला तर ग्रंथालयाच्या खोलीचं ‘सुगम दालन’ होणार आणि छापील पुस्तकं तालुक्याच्या गोदामात जाणार. सर तसे सज्जन माणूस. म्हणाले, ढोबळेबाई, तेवढ्या दिवसापुरती ती दोरी काढून ठेवाल का, बरं नाही दिसत. मी म्हटलं, सर, दोरी निघाली तर माझ्यासकट निघेल.

छापील पुस्तक गेलं तर खरं काय होतं ते ताडून बघायचं कशाशी, हे मला दिसत होतं. मी ठरवलं, पालकांच्या सह्या घ्यायच्या आणि सुगम शाळेतून बाहेर काढायचं. कागद घेऊन पहिली गेले ती लवट्यांच्या घरी. आश्लेषा अंगणात शेळीचं दूध काढत होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पान काढून घेतलं तर मी परत आंधळी, बाई.”

मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि तशीच परत फिरले. वाटभर स्वतःशी भांडत होते. मी जिंकले तर हिचं वाचन जाणार, मी हरले तर हिला खरं कधीच वाचायला मिळणार नाही. असं कसं चालेल? माझी नोकरी पोरांना खरं पुस्तक हातात द्यायची, आणि ते वाचता येईल अशी सोय करायची. दोन्हीतलं एक सोडून कसं भागेल? वाटेतल्या चिंचेपाशी आल्यावर माझ्या डोक्यात आलं, या यंत्रात मदती दोन आहेत. एक डोळ्याला केलेली आणि एक मजकुराला केलेली. अक्षरं सुटी सुटी करून दाखवणं, एकच ओळ ठळक ठेवून बाकीच्या फिकट करणं, बोट ठेवलं की अक्षर उच्चारून दाखवणं, ही झाली डोळ्याला मदत. वाक्यच बदलणं ही मजकुरात ढवळाढवळ. पहिली ठेवून दुसरीला कुलूप घालता आलं तर?

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मी पोटच्या पोरीचे धरायला निघाले. पुन्हा फोन केला आणि पहिल्यांदाच आवाज न चढवता बोलले. ऋजुता म्हणाली, करता येईल, एका बटणाचं काम आहे, पण सुगमांक धाडकन खाली येईल. पहिलीच शाळा माझ्या आईची, आणि तिथेच आकडा पडला तर मला जाब विचारतील. कदाचित प्रयोगातून काढतीलही. मी म्हटलं, सगळ्या शाळेचं नको करूस. एका पोरीचं एक पान. ती म्हणाली, बघते.

तीन-चार दिवस गेले. मग तिचा निरोप आला. ‘आश्लेषाच्या पानाला कुलूप घातलंय. किल्ली तुझ्याकडे नाही, तिच्याकडे आहे. कोपऱ्यात बोट टेकवलं की ओळ सोपी होईल. टेकवायचं की नाही ते तिचं तिने ठरवायचं.’ वाचून मला जरा राग आला आणि मग वाटलं, पोरगी माझ्यापेक्षा शहाणी निघाली.

आश्लेषा रोज मधल्या सुट्टीत ग्रंथालयात येऊन बसायला लागली. पहिल्या दिवशी चार ओळी झाल्या. पोर घामाघूम. सुगममुळे तिला पळायची सवय झालेली, आता पावलागणिक ठेच लागत होती. ‘वावटळ’पाशी अडली, ‘निपचित’पाशी अडली. चिडून पान आपटलं, पुन्हा उचललं. मी शेजारी बसून पुस्तकांना कव्हरं घालत होते आणि तोंडाला कुलूप लावून होते. माझ्यासारखीला हे किती जड गेलं असेल विचार करा. कोपऱ्यापाशी तिचं बोट जायचं, घुटमळायचं, आणि मागे यायचं. पुढे पुढे ती चिठ्ठी लिहून दोरीला लावायला लागली. ‘निपचित’ची चिठ्ठी इरफानने काढली. ‘गारपिटीत कळप उधळला तेव्हा मेंढक्याने काळ्याला हाक का मारली नाही’ ही सार्थकने काढली आणि गाढवावरून सगळ्यांचं हसू झेलूनसुद्धा शनिवारी येऊन बसला. त्यासाठी त्याला छापील गोष्ट वाचावी लागली, कुत्र्यासकट. वाचताना त्याने पाय बाकावर घेतले होते, पण वाचली.

अशी ती शेवटच्या पानापर्यंत आली आणि तिथे थांबली. रोज पान उघडायची, आधीचंच पुन्हा वाचायची आणि घंटा झाली की जायची. शेवटचं पान उलटत नव्हती. घरी भाकरी ठेवणं चालूच होतं.

पाहणीच्या दिवशी सबनीस मॅडम आल्या. पुण्याहून ऋजुताही आली. तिची संध्याकाळची परतीची गाडी ठरलेली होती. आम्ही दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारखं बोललो. चहा झाला, सत्कार झाला, नारळ दिले. मग गुरव सरांनी आपला हुकमाचा पत्ता काढला. म्हणाले, मॅडम, आमची आश्लेषा लवटे, वाचता न येणारी मुलगी, आज शाळेत पहिली आहे. हिचं वाचन ऐका. पानाला कुलूप आहे हे सरांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर सरांनी तिला पुढे केलंच नसतं.

आश्लेषाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, हो अशीही नाही आणि नको अशीही नाही. तिने सुगमवर बिनकव्हरचं उघडलं आणि थेट शेवटचं पान काढलं.

ती वाचायला लागली. एकेक शब्द, बोट ठेवत, थांबत. सबनीस मॅडमच्या हातातल्या पडद्यावर सुगमांक उतरायला लागला. शंभराच्या घरातला तो निम्म्यावर आला, त्याच्याही खाली आला. गुरव सरांच्या कपाळावर घाम. मॅडमनी ऋजुताला हळूच विचारलं, यंत्र बिघडलंय का? ऋजुता म्हणाली, नाही मॅडम, यंत्र ठीक आहे, ती खरं पुस्तक वाचतेय.

“माणसं ओढ्यात उतरली. कोकरू काळ्याच्या पोटाशी... उबेला होतं. मेंढक्याने काळ्याला... हाक मारली.” आश्लेषा थांबली. पुढच्या वाक्यात तीनच शब्द होते, ‘काळ्या उठला नाही.’ एकही जोडाक्षर अवघड नाही. पहिलीतलं पोर वाचेल असं वाक्य. तिचं बोट त्या ओळीवरून सुटलं आणि कोपऱ्याकडे गेलं. नुसतं टेकवायचा अवकाश होता, की काळ्या उठून शेपूट हलवणार होता.

सबनीस मॅडम चांगल्या बाई होत्या. त्यांना पोरीची दया आली. त्या पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, “बाळ, अवघड जातंय का? सोपं करून देऊ?”

“नको मॅडम,” आश्लेषा म्हणाली. “मला अडू द्या.”

तिने बोट उचलून परत ओळीवर ठेवलं. कुणीतरी खाकरलं, बाहेर सायकल पडल्याचा आवाज झाला. तिचे डोळे भरून वाहायला लागले होते आणि ती पुसतही नव्हती. मग तिने मोठ्याने वाचलं, “काळ्या उठला नाही.” आणि न थांबता त्याखालची शेवटची ओळही वाचली, “मेंढक्याने कोकरू खांद्यावर घेतलं आणि काळ्यावर आपलं घोंगडं घातलं.”

पान मिटून ती जागेवर जाऊन बसली. टाळ्या वाजवाव्यात की नाही कुणालाच कळेना. इरफान उठून तिच्या शेजारी जाऊन बसला.

पुढे बरीच बोलाचाली झाली. मॅडमनी आकडा पडल्याचं कारण विचारलं. ऋजुताने उभं राहून सगळं सांगितलं, कुलूप, किल्ली, गाढवसुद्धा, आणि हे आपण परवानगी न घेता केलं हेही. मी मध्ये तोंड घालणार होते, तिने डोळ्यांनी मला बसवलं. मॅडमनी सार्थकचं पान मागवून गाढव भुंकताना स्वतः वाचलं. त्यांना हसू आलं आणि लगेच ते मावळलंही. म्हणाल्या, माझी मुलगीही यावरच वाचते. मग म्हणाल्या, वर्षभर या शाळेतली सगळी पानं कुलूप लावून चालवा, मुलांना हवं तेव्हा किल्ली असू द्या, आणि शेजारी छापील पुस्तक असलंच पाहिजे, नाहीतर ताडून कशाशी बघणार? आकडा का पडला त्याचं उत्तर मला वर द्यावं लागेल, ते मी देईन. सुगम दालनाचं पुढे बघू. ‘पुढे बघू’ म्हणजे काय ते सरकारी माणसांकडून मी आयुष्यभर ऐकत आलेय. पण पुस्तकं कपाटातच राहिली, तेवढं मी पदरात पाडून घेतलं.

पाहुणे गेल्यावर मी ग्रंथालयात आले तर दोरीला एकच चिठ्ठी लटकत होती. तेच वेडंवाकडं अक्षर. ‘आपण परत जाणार नाही हे काळ्याला माहीत होतं का? तरी तो का थांबला?’

मी ती दोनदा वाचली. इतकी वर्षं दोरी सांभाळतेय, पण अशी चिठ्ठी आली नव्हती. मागून ऋजुता आली. पिशवी खांद्याला, गाडीची वेळ होत आलेली. तिनेही वाचली. मग तिने हात वर करून चिमटा काढला आणि चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

मी म्हटलं, अगं, काढू नकोस, आज बुधवार आहे. शनिवारपर्यंत थांबावं लागतं, नियम ठाऊक आहे ना? तुझी गाडी आहे.

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “मलाही याचं उत्तर येत नाही. पण बसायला येतं.”

तिने पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि बिनकव्हरचं घेऊन खिडकीपाशी जाऊन बसली. छापील पुस्तक, पिवळं पडलेलं. तिच्या डोळ्यांवर कसलाच कॅमेरा नव्हता. मी चहा टाकायला गेले, आणि ती काय वाचते, कुठे थांबते, ते मुद्दाम बघितलं नाही.

शनिवारी त्या दोघी बसल्या. काय बोलल्या मला माहीत नाही, मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण सोमवारी लक्ष्मीबाई शाळेच्या फाटकापाशी भेटल्या. म्हणाल्या, बाई, काल पोरीनं भाकरी बाहेर ठेवली नाही. सगळी खाल्ली. मग बापाचं जुनं घोंगडं मागून घेतलं आणि त्या दगडावर घालून आली.